माजी नवऱ्याची सोय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, व्यवसाय अर्ज लिहिणे व टाईप करणे (आता बंद), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. घरात त्याबद्दल दुमत आहे, पण दाखला मिळाला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. दुसऱ्यांची मात्र कोर्टाच्या फाटकाशी बसून जन्मभर टाईप केली, तेव्हा काय कुठे लिहायचं ते मला कोणी शिकवू नये.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या व मोरी, माझ्या स्वकष्टार्जित कमाईचं आहे. त्यावर कोणाचाही बोजा अगर हितसंबंध नाही. ते मी माझ्या एकुलत्या एक मुलीला देते. पण एका अटीवर, आणि ती अट हेच हा सगळा खटाटोप करण्याचं कारण आहे.

या घरात एक गृहस्थ राहतात. ते मुलीचे वडील, माझे माजी पती, लिफ्ट दुरुस्तीचे कारागीर, निवृत्त. कायद्याने ते माझे कोणीही नाहीत. घटस्फोटित नवरा वारस होत नाही. उद्या मी डोळे मिटले आणि कोणी मनात आणलं, तर त्याला पिशवी उचलून बाहेर पडावं लागेल. म्हणून लिहिते की त्याला या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. तो हयात असेतो घर विकू नये, गहाण ठेवू नये, भाड्याने देऊ नये, आणि ‘रंगकाम होईपर्यंत बाबांना हलवू’ असंही करू नये. हे शेवटचं जावईबापूंसाठी. मागच्या खेपेला त्यांनी वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक आणलं होतं, बागेच्या फोटोसकट. माणूस वाईट नाही, पण माझं माणूस मी त्यांच्या भरवशावर सोडणार नाही.

कलम २. घटस्फोटित नवरा घरात कसा, असं कोणी विचारलंच, तर त्याचा खुलासा.

लग्न झालं तेव्हा शहरात लिफ्ट नव्या होत्या आणि रोज कुठली तरी बंद पडायची. निरोप आला की हा ताटावरून उठायचा. “लोक अडकलेत गं.” मी म्हणायचे, “अहो, इथे मी अडकलेय ते दिसत नाही का?” तोवर तो जिना उतरलेला असायचा. मुलीचा जन्म झाला तेव्हाही तो कोणाला तरी सोडवत होता. शेवटी घटस्फोटाचा अर्ज मी माझ्याच हाताने टाईप केला. वकील म्हणाले, “दारू, मारहाण असं काहीतरी घाला, नाहीतर केस उभी राहत नाही.” म्हटलं, “साहेब, आवाज चढवायला तरी माणूस घरी लागतो हो!” खोटं काही घातलं नाही.

मुलीच्या ताब्यावरून मात्र जुंपली. त्याच्या थोरल्या बहिणीने शपथेवर सांगितलं की ही बाई दिवसभर फाटकाशी बसते आणि पोरीला कच्चा भात वाढते. तरी हुकूम माझ्या बाजूने झाला. ताबा आईकडे, वडिलांनी दर रविवारी दहा ते पाच आईच्या घरी, तिच्यादेखत मुलीला भेटावं.

आणि काय सांगू, कोर्टाने सांगितल्यावर हा माणूस वेळेवर यायला लागला! एक रविवार चुकवला नाही. हेच मी इतकी वर्षं सांगत होते, पण माझ्या बोलण्यावर शिक्का नव्हता. दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि पाच वाजले की बोलणं अर्धं टाकून उठायचा. एका रविवारी पोर तापाने फणफणली होती. पाच वाजता हा मुकाट उठून गेला. थोड्या वेळाने दार उघडते तर जिन्यावर बसलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, आत ये! तिथे बसून ताप उतरणार आहे का?” लग्नात कायम ‘अहो’ म्हणत होते. ‘अरे’ म्हणायला लागले आणि आमचं जमायला लागलं. तो नेमका कधी राहायला आला ते सांगता येत नाही. एक दिवस पाहिलं तर त्याचं दाढीचं सामान मोरीत होतं, एवढंच.

हे मृत्युपत्र तपासून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, “मावशी, पुन्हा लग्नाची नोंदणी करून टाका. सगळं सोपं होईल.” त्यालाही विचारलं. “माझी काही हरकत नाही,” म्हणाला. हरकत नाही म्हणे! मीच नको म्हटलं. बायको होते तेव्हा हा घरी येतो की नाही याची धास्ती असायची. आता कोणी बांधलेलं नसताना रोज येतो. मी सुखात आहे. त्यात शिक्का मारून बिघाड कशाला करायचा?

कलम ३. माजी नणंदेला माझा कुकर, शिट्टीसकट. टाईपरायटर फाटकाशी माझ्या जागी बसणाऱ्या मुलीला. ती संगणकावर काम करते, पण वीज गेली की माझी आठवण काढेल. बँकेतली शिल्लक मुलीला. त्यातून बाबांची औषधं आणावीत आणि समोर उभं राहून घ्यायला लावावीत. तो विसरत नाही, टाळतो. हत्यारांची पिशवी त्याची आहे, ती माझ्या मालमत्तेत धरू नये.

कलम ४. इथपर्यंत काल लिहिलं. वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, “मावशी, एक राहिलं. ते तुमच्याआधी गेले तर?”

हे वाक्य मी लोकांसाठी किती वेळा टाईप केलंय! बोटं आपोआप चालायची. काल चालेनात. “तो कुठे जातोय?” मी म्हटलं. आतल्या खोलीत तो रेडिओवर सामना ऐकत होता, मधेच पंचावर ओरडत होता. मी चहा करते म्हणून उठले आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले.

तर असं. सदर इसम माझ्या हयातीत मयत झाल्यास मुलीने मला ताबडतोब आपल्या घरी न्यावं. नको म्हटलं तरी न्यावं. हे घर विकावं. मी एकटी राहायला घाबरत नाही, पण या दोन खोल्यांत त्याच्याशिवाय मला राहता येणार नाही.

कलम ४ त्याला वाचून दाखवू नये. उगीच चढून बसेल.

स्थळ : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, सोमवार

लिहून देणार : (सही)

आमच्यासमक्ष सही केली, म्हणून साक्षीदार :
१. घरचे डॉक्टर (सही)
२. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)