शितानं चिकटवलेलं पाकीट

गंगापूर, ३ ऑगस्ट २०२५

ती. रूपाआत्यास,
मोनालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन आणि लॅपटॉप कॉलेजनं चौकशीसाठी ठेवून घेतलेत, म्हणून हे पत्र जीपवाल्या बन्सीकाकांकडं देते आहे.

कॉलेजच्या वेबसाइटवर पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की कुणाचीही फाइल उघडते. जातीचा दाखला, दवाखान्याचे कागद, सगळं. ऑफिसात दोनदा सांगितलं, ते हसले. मग मी प्राचार्यांचीच फाइल उघडली, पहिलं पान छापलं, खाली ‘सर, कृपया कुलूप लावा’ असं लिहून सही केली, रोल नंबर टाकला आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. आता म्हणतात, ‘मी माहितीची चोरी केली’ या कागदावर सही दे, नाहीतर कॉलेजातून नाव काढून टाकू. चौकशी ११ तारखेला, सोमवारी आहे. पप्पा म्हणतात, सही करून टाक.

गेल्या वर्षी विश्वस्त तात्यासाहेबांच्या नातवानं, ऋतुराजनं, असंच आत शिरून स्वतःची हजेरी वाढवली होती. त्याला मात्र पोरगं लई हुशार म्हणाले. आत्या, मी काय करू?

तुझी वाट पाहणारी,
मोनाली

छत्रपती संभाजीनगर, ६ ऑगस्ट

चि. मोनालीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

बन्सीनं पत्र दिलं, वर म्हणाला, पोरगी लई वाळली, जेवत नाय. आधी जेव, मग बंड कर.

तुझ्या पप्पालाही न सांगितलेलं एक सांगते. नववीत असताना कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये सिस्टरनी माझ्याबद्दल घरी पत्र लिहिलं. मी आणि कलेक्टरसाहेबांची मोनिका, दोघींनी ते किटलीच्या वाफेवर उघडलं. आत एवढंच होतं, की मुलगी हुशार आहे, पुढं शिकवा. परत चिकटवायला मी ताटातला भात घेतला. आपल्या घरी पाकिटं शितानंच चिकटवायचे. तेच शीत कडेला वाळलं आणि आम्ही सापडलो. सिस्टरनी मोनिकाला खोडकर म्हणून तिचा गाल ओढला. माझ्याकडून ‘मी चोर आहे’ शंभरदा लिहून घेतलं. अक्षर छान आलं, असा शेराही दिला!

पुढं तीस वर्षं शाळेत शिकवलं. पण वर्गात कुणाची पेन्सिल हरवली तरी मान माझीच खाली जायची. तेव्हापासून मी एकही पाकीट बंद केलेलं नाही. तुला आलेली सगळी आठवून बघ.

सही कर म्हणत नाही, करू नको असंही म्हणत नाही. पण चोर काही स्वतःचं नाव लिहून जात नाही, बाळा. सोमवारी धपाटे घेऊन कॉलेजच्या दारात उभी असेन.

तुझ्यावर जीव असलेली,
रूपाआत्या

गंगापूर, १४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

सोमवारी जीप सुटत होती, म्हणून आतलं काही सांगता आलं नाही. धपाटे मात्र शिपायानंच जास्त खाल्ले!

मी म्हणाले, न विचारता फाइल उघडली हे माझं चुकलं, तसं लिहून देते. चोरी लिहिणार नाही. त्यांनी कागद पुन्हा पुढं सरकवला. मी म्हणाले, माझी सही तुमच्याकडं आधीच आहे, प्राचार्यांच्या पानाखाली. मग ऋतुराजनं कशावर सही केली होती, ते विचारलं. चौकशीला बसलेल्या तात्यासाहेबांनी कागद मागं ओढून घेतला.

आज निकाल आला. एक सत्र घरी बसायचं. ‘चोरी’ शब्दावर आडवी रेघ आहे आणि फायलींना कुलूप लागलंय. पप्पांनी कागद दोनदा वाचला, मग म्हणाले, आत्यावर गेलीस. मी व्हय म्हणाले.

हे पाकीट मी घट्ट बंद केलंय. घरात डिंक होता, तरी शीतच लावलं, मुद्दाम कडेला दिसेल असं. पुढचं पत्र तूही बंद करून पाठव.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मोनाली