आईचं तिसरं धर्मयुद्ध

कोपरखैरणे,
ऑगस्ट १९९८

प्रिय पार्थ,

बाबांची कंपनी बंद पडली म्हणून कॉलेज सोडून घरी येतो, हे तुझं पत्र मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी माझी लढाई ऐक, कारण ती तुझ्यामुळे झाली.

तू नागपूरला गेलास आणि घर खायला उठलं. तुझ्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसता पुसता एकदा तो तुझा राजेलोकांचा गेम सुरू केला. जाताना चिडवलं होतंस ना, आई, तू जेरुसलेम घेऊन दाखव, मग मानलं! म्हटलं, बघू या. पहिल्या धर्मयुद्धाला होते नव्हते तेवढे सरदार धाडले. अर्धे वाटेतच उपाशी मेले. अरे, पाच जणींची सहल काढली तरी मी आधी पुऱ्यांचा डबा भरते, आणि इथे माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! दुसऱ्या वेळी शिधा भरपूर नेला, पण मागे राजधानी राखायला कुणाला ठेवलंच नाही. शेजारच्या राजाने आयती लुटली. त्या दिवशी आमटी करपली, बाबांनी बिचाऱ्यांनी तशीच भातावर घेतली.

तिसऱ्या वेळी लग्नघर समजून कामाला लागले. वाटेतल्या राजांना आधी आहेर पाठवले, सगळ्यांचे रुसवेफुगवे काढले. धान्य गलबतांतून पुढे धाडलं. एक बंदर घेतलं, तिथे कोठार भरलं आणि मगच पुढे सरकले. घेतलं की रे जेरुसलेम! वरच्या मजल्यावरची खदीजामावशी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, जिंकलीस ते ठीक, पण आता आमच्या लोकांना जेवायला तरी घाल. दोघी इतक्या हसलो की बाबा उठून बघायला आले. शहर लुटायचं बटण होतं, पण मी काही ते दाबलं नाही.

पुढच्याच महिन्यात कंपनीला टाळं लागलं. बाबा दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. पूर्वीची मी असते तर नुसती रडले असते. पण मलाही मोहीम आखता येते, हे मला तुझ्या गेममुळे कळलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं रे. खदीजामावशीचा भाऊ कळंबोलीत ट्रक चालवतो. त्याच्या ओळखीने आम्ही दोघींनी तिथल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात जेवणाचे डबे सुरू केले. आधी एकच ऑफिस. ते नीट सांभाळलं, मग दुसरं धरलं. मच्छीचं कालवण तिच्याकडून, भाजी-चपाती माझ्याकडून. आता ड्रायव्हर लोक स्वतःहून विचारतात, ताई, उद्या काय?

आता तुझ्या पत्राचं उत्तर. येऊ नकोस. आठवण तर रोज येते, पण ऐक. आज सकाळी बाबा स्कूटरला पिशव्या अडकवून स्वतः डबे पोचवायला गेले. दाढी करून गेले, पार्थ. तू शिक्षण सोडून आलास तर आपल्यामुळे पोराचं वाटोळं झालं असं त्यांना वाटेल, आणि मग त्यांना पुन्हा उठवणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून तुझं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. परीक्षा दे, पास हो आणि सुट्टीत ये. तसंही तुझ्या खोलीत सध्या बटाट्यांची पोती आहेत, झोपायला जागा नाही.

तुझीच शिष्या,
आई