वीतभर साल

माय, तुझ्या पणतीच्या नवऱ्यानं घरात दारू केली. दारू म्हणायचं न्हाई, वाइन म्हणायचं. तो पुण्याकडचा, शिकलेला, म्हणून त्याची वाइन होती. तुझी मात्र दारू. हे तुझी पणतीच लिहून घ्यायलीय, मला कुठं अक्षर येतं. तिच्या नवऱ्याला नावं ठेवली की तिचा पेन अडतो. अडू दे.

त्यानं एक खोकं मागवलं. आत द्राक्षाचा आटवलेला रस, आंबवायची पूड आणि एक चोपडं. पिशवी फोडायची, पाणी ओतायचं, झाकण लावायचं, एवढंच काम. त्यापेक्षा ताक करायला जास्त अक्कल लागते. वर दिवसातून चार वेळा बादलीला कान लावून बुडबुडे ऐकत बसायचं, जशी काय बादली पोटुशी आहे. एके दिवशी म्हणाला, "आजी, पुढच्या आठवड्यात यात ओक घालायचा." मी म्हटलं, "जावईबापू, आमच्याकडं ओक म्हटलं की माणूस तोंड दाबून परसात पळतंय." हसला न्हाई. समजावत बसला. ओक हे परदेशातलं झाड, त्याच्या पिंपात वाइन ठेवली की लाकडाचा गुण उतरतो, आपल्याकडं पिंप नाही म्हणून भाजलेले तुकडे टाकायचे. तुझ्या लेकीला लाकडाचा गुण शिकवायलाय, बघ.

त्या तुकड्यांची पुडी त्यानं माझ्या मसाल्याच्या फळीवर ठेवली होती. वर काय लिहिलंय ते मला कसं कळावं? भाजलेलं लाकूड, वास गोडसर. मला वाटलं धूप. दिवेलागणीला निखाऱ्यावर घालून सगळं देवापुढं फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "फळीवरची पुडी उद्या टाकू," तेव्हा कळलं मी काय जाळलं ते.

मग कोयता घेऊन कुंपणाच्या बाभळीकडं गेले. वरची काळी साल तासून टाकली, आतली लाल घेतली. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, तुझ्या दारूच्या एका मडक्याला एवढीच, जास्त झाली की तोंड आवळतं. साठ वर्षं झाली तरी हाताला ठाव होतं. उकळली, तुकडे केले, तव्यावर भाजून पुडीत भरले. शहाण्यानं ते देवाला फूल वाहावं तसे बादलीत सोडले. भाकरी थापायला बसले तर माझे तळहात लालकाळे झालेले. अगदी तुझे.

तू पहिल्यांदा माझ्या सासरी, बसवकल्याणला, येतेस. दारातच मी तुझे हात बघते. "माय, हात पदराखाली घे. तू खुरपायला जातीस म्हणून सांगितलंय मी इथं." तू हात पदराखाली घेतेस. पुढं ताट येतं, तेव्हा माझ्या सासूला म्हणतेस, "विहीणबाई, माझा उपास हाय." बुधवारचा कसला उपास, माय. जेवायचं तर हात बाहेर काढावा लागला असता. आपल्या गावापर्यंत, राजेश्वरपर्यंत, उपाशी गेलीस.

वाइन झाली तसे बीदरहून त्याचे चार दोस्त आले. पेल्यात नाकं घातली, चूळ भरल्यासारखी तोंडात फिरवली. एक म्हणाला, "ओक काय सुंदर उतरलाय." दुसरा म्हणाला, "फ्रेंच असणार." कुंपणाची फ्रेंच बाभूळ, जिला रोज शेळ्या अंग घासतेत. मलाही घोटभर दिली. तोंडातून निघूनच गेलं, "साल जरा कमी पडली."

"कसली साल?" ही तुझी पणती विचारायली. "आजी, तुला गं कसं ठाव यातलं?"

"शेजारीण करायची एक," मी म्हटलं. "राजेश्वरला."

त्या चौघांना बाभूळ ओळखू आली न्हाई म्हणून किती दिवस मी मनात हसत होते. पण त्यांना ठावच नव्हतं. मला ठाव असून मी तुला शेजारीण केलं.

हिचा पेन थांबलाय. "म्हणजे ती शेजारीण..." व्हय. लिही.

पत्र कुठं पाठवायचं, विचारायलीय. कुठं पाठवणार? तुला तरी कुठं वाचता येत होतं. मसाल्याच्या फळीवर ठेव म्हटलं, नवऱ्याला दाखवलंस तरी चालेल.

आणि माय, त्या दिवशीचं तुझं ताट वाया गेलं न्हाई. तू गेल्यावर चुलीमागं बसून मीच खाल्लं.