थुंकी, राकिया आणि यास्ना नर्स

तीर्थरूप देसांकाताईस,

स्वेतोझारचा नमस्कार (गुडघ्यांनी साथ दिली असती तर वाकून केला असता). तिकडे निश शहराच्या थंडीत तुझी कंबर कशी आहे? इकडे सगळं ठीक. जिभेच्या कडेला एक पांढरा चट्टा उठलाय, हटत नाही, एवढंच. डॉक्टर म्हणतात, मोठ्या इस्पितळात जाऊन चट्ट्याचा तुकडा काढून तपासून घ्या. मी म्हटलं, बघू. तू धावत येण्यासारखं काही नाही.

मग त्यांची यास्ना नर्स घरीच आली, निदान थुंकी तरी द्या म्हणून. म्हणे तोंडात जंतूंचं गावच्या गाव नांदतं, आणि कॅन्सर शिरला की त्या गावाची वस्ती बदलते. त्यावरून तो लवकर ओळखता येईल का, हे शहरातले लोक शोधताहेत. आता सांग, आई जन्मभर ‘तोंड धू’ म्हणून कान पिळायची, आणि ही म्हणते, सकाळपासून खाऊ नका, पिऊ नका, चूळसुद्धा भरू नका! कोणाचं खरं मानायचं?

तरी मानलं. उपाशी बसलो. पण पाहुणी दारात आल्यावर घरची कडक दारू, आपली राकिया, पुढे न करता नुसतं थुंकायला बसायचं? आपल्या घरात असं कधी झालंय? दोन पेले भरले. ती कामावर, म्हणून नको म्हणाली. भरलेला पेला परत बाटलीत ओतू नये (हे तुझंच शास्त्र), तेव्हा दोन्ही मीच घेतले आणि तिने आणलेल्या नळीत थुंकलो. यास्नाने नळी हुंगली आणि कपाळाला हात लावला. पुढच्या खेपेला मी एक थेंब प्यालो नाही. फक्त चूळ भरली, राकियाचीच. परक्या माणसांकडे घाणेरडं तोंड कसं पाठवायचं? ती म्हणाली, ‘‘काका, जंतूच मारलेत तर साक्ष कोण देणार? घाबरलाय का तुम्ही?’’ मी आणि घाबरतोय! चांगलंच सुनावलं तिला.

तिसऱ्यांदा आल्या आल्या तिने बाटली कपाटात कोंडली. तर माझ्या तोंडाला कोरड! थुंकीच येईना. आंबट काहीतरी आठवा, म्हणाली. मला तुझ्या पिंपातला आंबवलेला कोबी आठवला, झाकण सरकवून चोरून खायचो तो. नळी भरली. डोळेही भरले, ते का, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझा धाकटा,
स्वेतोझार

ता.क. – एवढं थुंकवून यास्ना आता म्हणते, थुंकीवरून अजून नक्की काही ठरत नाही, तुकडा तपासायलाच हवा. गुरुवारी जातो म्हटलंय.

ता.क. – बुधवारच्या बसने थोडा कोबी घेऊन ये.

ता.क. – कोबी नसला तरी ये.