कैलासाहून येतो

अप्पा, नातीनं काल नवे बूट आणले. घोट्याच्या वरपर्यंत चढणारे, चांगले जाड. ते घालून ती दिवसभर घरात फिरत होती. पुढच्या महिन्यात ती परदेशात जाणार आहे, डोंगरातून चालायला. पाठीवर पिशवी घेऊन या गावाहून त्या गावाला, कितीतरी दिवस. कुठं मुक्काम करायचा, पाणी कुठं मिळेल, पाऊस कधी पडेल, सगळं तिच्या हातातल्या फोनला ठाऊक आहे. घरात बूट कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, 'आजी, नवे बूट आधी चालून मऊ करून घ्यायचे असतात. याला प्लॅनिंग म्हणतात.' मला हसू आवरेना. प्लॅनिंग काय असतं ते मी लहानपणीच बघितलंय, इथंच लातूरच्या गंजगोलाईत, परकर नेसायच्या वयात. तिला माझ्या आईवडिलांची, अव्वाची आणि अप्पांची, गोष्ट सांगायला बसले आणि बोलता बोलता तुमच्याशीच बोलायला लागले, म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही गुळाचे अडते. निजामाचं राज्य अजून होतं, आणि आपल्याला सोलापूर म्हणजेसुद्धा परमुलूखच; तिकडं इंग्रजाचा अंमल, तिकडचं नाणं वेगळं, तिकडून येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर सामान सोडून दाखवावं लागे. उदगीर आणि मुखेड यांच्यापलीकडं फारसं न गेलेला माणूस एके सकाळी पाटावर बसून म्हणतो, 'मी म्हन्तो, कैलासाला जातो.' केदारहून परत आलेले एक जंगम त्या आठवड्यात आपल्याकडं उतरले होते. केदारच्याही पलीकडं, भोटांच्या मुलखात, तिबेटात, पायी जाता येईल असा खराखुरा कैलास आहे, हे त्यांनी सांगितलं आणि ते तुमच्या डोक्यात जाऊन बसलं. अव्वा भाकरी थापत होती. तिच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. 'काय बी अभद्र बोलू नका. मानसं मेल्यावर जातेत तितं.' तुम्ही म्हणालात, 'तसं न्हाई. चालत जायचं. पायानं.' 'आन् कशाला? गळ्यात लिंग हाय, रोज हातावर घेऊन पुजता. देव हातावर असताना त्याला हुडकायला कुटं निघालात?' तुम्ही कितीतरी वेळ भाकरी कुस्करत राहिलात. मग खाली मान घालून म्हणालात, 'ज्याला रोज हातावर घेतो, त्याचं घर येकदा बघून यावं म्हन्तो.'

अव्वानं वाकडी पडलेली भाकरी उलटली. ती एवढंच म्हणाली, 'मग जातो म्हनू नका. कैलासाहून येतो म्हना.' घरातून निघताना 'जातो' कोणीच म्हणत नाही हे खरं, पण अव्वानं ते फारच मनावर घेतलं. त्या दिवसापासून आपल्या घरात कैलासाला जाणं हा शब्दच बंद झाला. 'कैलासाहून येण्यासाठी घोंगडी घ्यायची आहे,' 'कैलासाहून यायला अजून बराच अवकाश आहे,' असं आम्ही पोरं सरळ तोंडानं बोलायचो, आणि शेजारीपाजारी आमच्याकडं बघत राहायचे. तुम्हीही एकदा गिऱ्हाइकाला म्हणालात, 'उन्हाळ्यात मी कैलासाहून येनार हाय, उधारी त्याच्या आधी मिटवा.' तो बिचारा नुसताच मान हलवून गेला.

मग तुमची तयारी सुरू झाली, आणि ती आठवली की आजही मी थक्क होते. कैलासाला प्रदक्षिणा घालायची असते, म्हणून तुम्ही रोज पहाटे गोलाईला फेरे घालायला लागलात. मधोमध देवीचं देऊळ, भोवती दुकानांचं कडं, आणि त्याच्या भोवती तुम्ही, पाठीवर घोंगडीत बांधलेली गुळाची ढेप. ऊन चढलं की घामानं गूळ पाझरायचा, सदरा पाठीला चिकटायचा आणि मुंगळे तुमच्या मागोमाग घरापर्यंत यायचे. धुण्याच्या वेळी अव्वा जे बोलायची ते मी इथं लिहीत नाही. चढण्याची सवय करायची तर लातुरात डोंगर कुठला? तुम्ही बारव शोधून काढली. ढेप घेऊन त्या पायऱ्यांच्या विहिरीत पार पाण्यापर्यंत उतरायचं आणि वर यायचं, पुन्हा उतरायचं, पुन्हा वर. मी काठावर बसून बघत असे. तुम्ही धापा टाकत वर यायचा, वर काहीच नसायचं, नुसती सपाट काळी जमीन आणि ज्वारी, आणि तुम्ही मात्र शिखरावर पोचल्यासारखे चारी दिशांना बघायचा.

जंगमांनी सांगितलं होतं की वाटेत एक खिंड लागते आणि तिथं बर्फातून चालावं लागतं. बर्फ तुम्ही कधी बघितला नव्हता. दुसरा कोणी असता तर 'बघू तिकडं गेल्यावर' म्हणाला असता. तुम्ही सोलापूरहून बर्फाची लादी मागवली, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून, छोट्या रुळांच्या आगगाडीनं. ती उतरवून घ्यायला स्टेशनवर मला बरोबर नेलंत. नाक्यावरच्या कारकुनानं गोणपाट उचकटलं आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं महसुलाचं पुस्तक पुढून मागून चाळलं. 'सेठ, इसपे क्या महसूल लगाऊं? किताब में बर्फच नहीं है.' तुम्ही खालच्या थारोळ्याकडं बोट दाखवून म्हणालात, 'लवकर बघा साहेब, माल पळून राहिला.' त्यानं तराजू मागवला, वजन केलं, लिहायला घेतलं, तोवर वजन चुकलेलं. शेवटी त्यानंच कपाळाला हात लावला. 'ले जाओ, ले जाओ. पानी पे महसूल नहीं है.'

अंगणात भुसा झाडून लादी उघडी केली तेव्हा आळीतली माणसं गोळा झाली होती. उन्हात तिच्यातून वाफ निघत होती. थंड वस्तूतून वाफ कशी निघते ते मला कळेना आणि मी घाबरून अव्वाचा पदर धरला. तुम्ही धोतर वर खोचलंत, वहाणा काढल्यात आणि अनवाणी त्या लादीवर उभे राहिलात. कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं, कारण तुम्ही उतरेनात. ओठ हलत होते, जप चालला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पायाखाली लादी करकर वाजत होती. अव्वानं पुढं होऊन बर्फावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. 'आगं बाई, हे तर भाजतंय.' तुम्हाला खाली ओढून तिनं तुमचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि सगळ्या आळीसमोर पदरानं चोळत राहिली. तोपर्यंत ती विरुद्ध होती. दुसऱ्या दिवशी तिनं आपली जुनी लुगडी फाडली आणि वाकळ शिवतात तसे थरावर थर देऊन तुमच्यासाठी मोजे शिवायला बसली. लाह्यांचं पीठ दळलं, शेंगदाणे भाजले, गूळ तर घरचाच. ते मोजे घालून तुम्ही गोलाईला फेरे घातलेत तेव्हा सगळा गंज, सगळी बाजारपेठ, दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघत होता, आणि अव्वा दारात उभी राहून, त्या मोज्यांवर हसायची कोणाची हिंमत आहे ते बघत होती.

वैशाखात तुम्ही निघालात. उंबऱ्यात अव्वाकडं बघून म्हणालात, 'कैलासाहून येतो.' अल्मोड्याहून एक कार्ड आलं, इथून पुढं टपाल नाही म्हणून. त्यानंतर काही नाही. पाऊस झाला, मूग निघाले, गौरी येऊन गेल्या. पोस्टमन आळीच्या तोंडाशी दिसला की अव्वा हातातलं काम थांबवत नसे, फक्त सावकाश करत असे.

आणि एके दिवशी भर दुपारी आळीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं. मुखेडहून मामा आणि माहेरच्या बाया बैलगाडीनं आल्या होत्या. गाडीतून उतरतानाच त्यांनी हंबरडा फोडला. अव्वा ज्वारी पाखडत होती. तिचा चेहरा मला आत्ता, हे लिहिताना, समोर दिसतो आहे. सूप तसंच हातात धरून ती उभी राहिली. बाया येऊन गळ्यात पडल्या, आणि एका म्हातारीनं तर बांगड्या फोडायला तिचा हातच धरला. अव्वा मामाला म्हणाली, 'तार आली का?' मामा गोंधळला. 'कशाची तार?' 'मग कोन सांगितलं?' 'बाजारात तुमच्या गंजातला गूळवाला आल्ता. त्योच म्हन्ला, दाजी कैलासाला गेले.' अव्वानं म्हातारीच्या मुठीतून आपला हात सोडवला. आवाज चढवला नाही. म्हणाली, 'ते गेले न्हाईत. येऊन राहिलेत.' मग सूप खाली ठेवून, 'हातपाय धुवा, लांबून आलात. भाकरी टाकते,' म्हणून आत गेली. रडायला आलेल्या माणसांनी पोटभर जेवण केलं, आणि मामा तर लाजून वर बघेना. ती सगळी अंगणात कलंडल्यावर मी आत डोकावले. अव्वा लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली होती, आणि त्या तळहाताला तिनं खालून दुसऱ्या हाताचा टेकू दिला होता. अप्पा, बातमी खोटी आहे हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. बातमी नाही एवढंच ठाऊक होतं. तेवढ्यावर तिनं तुम्हाला जिवंत ठेवलं.

दिवाळीच्या तोंडावर तुम्ही आलात. नाकाची कातडी सोललेली, दाढी वाढलेली, मी ओळखलंच नाही. दारात उभं राहून म्हणालात, 'आलो.' अव्वा तुमच्या पायांकडं बघून म्हणाली, 'लई येळ लावला,' आणि आंघोळीचं पाणी ठेवायला निघून गेली. पूजा झाल्यावर मी विचारलं, कैलास केवढा आहे? तळहातावरचं लिंग माझ्यापुढं धरलंत. काळं, वर नुकतेच ओढलेले भस्माचे पट्टे. 'असाच हाय. काळा, आन् वर पांढरे पट्टे. लांबून येवढाच दिसला.' मी म्हटलं, आणि जवळून? तुम्ही लिंग कपाळाला लावलंत. 'जवळ गेलो, तर मीच त्याच्या हातावर.'

तुम्ही खरंच गेलात त्यालाही जमाना झाला. छापखानेवाल्यानं शोकपत्रिकेवर रिवाजाप्रमाणं 'कैलासवासी' छापलं, तेव्हा अव्वा डोळे पुसत म्हणाली होती, 'तितून तर ते आले की परत.' हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं लगेच फोनवर कैलासाचं चित्र काढून माझ्या हातात दिलं. माझ्या तळहातावर तो होता, काळा, वर पांढरे पट्टे, येवढाच. मी त्या हाताखाली दुसरा हात लावला, आणि मग फोन तिला परत दिला.

हे पत्र टाकणार नाही. पत्ता म्हणून कैलास लिहावा तर अव्वा रागवेल. पण एक सांगायचं राहिलं. आज संध्याकाळी नात विचारत होती, 'आजी, माझ्या भरलेल्या पिशवीचा पट्टा कोणी सैल केला?' मी म्हटलं, मला काय ठाऊक. तुम्हाला सांगते, मीच केला. दुपारी घरात कोणी नव्हतं. पिशवी पाठीवर घेतली, उंबऱ्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, 'कैलासाहून येते,' आणि गोलाईला एक फेरा घालून आले.