कडीचा डबा

१८ एप्रिल, शुक्रवार

डबा परत आला. पुन्हा चकचकीत! पुन्हा आत साखर.

शेजारची सत्यशीला गेटवरूनच देऊन गेली. "ताई, काय झालं होतं भरलं वांगं! बोटं चाटली आम्ही." शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून मूठभर साखर. मीही तसंच करते. मग आज काय खुपलं?

डबा खिडकीतल्या उजेडात धरला. अंगावर बारीक ओरखडे, गोल गोल. राखेने घासल्यावर उठतात तसे. हा माझ्या लग्नातला कडीचा डबा. इतकी वर्षं मऊ फडकं, साबण आणि लगेच कोरडा पुसून ठेवणं — आरशासारखा ठेवलाय मी. आणि सत्यशीलाच्या ओट्यावर तर हिरव्या लिक्विडची बाटली असते, मी पाहिलीय. मग माझाच डबा राखेने का? आणि कुठे?

झाकणाच्या खाचेतून काळ्या मसाल्याचा वास दोन धुण्यांत जात नाही. इथे औषधालाही वास नाही! एवढं घासण्यासारखं काय होतं त्यात?

२० एप्रिल

सम्राटच्या पप्पांना डबा दाखवला. "तुला आता डब्यातही गुन्हेगार दिसायला लागले." मग पेपर बाजूला ठेवून, जरा हळू — "वस्ती सोडून कॉलनीत आलो तेव्हाच म्हटलं होतं, डबे-बिबे पाठवू नकोस. नमस्कार-चमत्कार पुरे."

नुसत्या नमस्कारावर शेजार होतो? जानेवारीत श्रीरामपूरच्या या टोकाला घर बांधून आलो. हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. गृहप्रवेशाला आलेल्या बायका तो फोटो बघून गेल्या, त्या आता दारातूनच बोलतात. पुन्हा आत येऊन बसली ती एकटी सत्यशीला. "आम्ही नाही हो मानत असलं काही, ताई. कोणत्या जमान्यात आहोत आपण!"

मी तिला काहीच विचारलं नव्हतं.

तरी मला ही मैत्रीण हवी आहे. शाळेत शिकवून आल्यावर कुंपणापाशी कुणीतरी हाक मारतं, त्याची सवय झालीय. इथे लिहायला काय लाजायचं!

२४ एप्रिल

सत्यशीला आली होती. पोहे पुढे केले. "अय्या, आज एकादशी की ताई!" मागच्या खेपेला संकष्टी होती. त्याआधी ॲसिडिटी. चहा? "आत्ताच घेऊन आले." गप्पा मात्र तासभर, अगदी मोकळ्या. ती गेल्यावर कॅलेंडर काढून पाहिलं.

एकादशी आहे. खरंच आहे.

कॅलेंडर पाहिलं याचीच लाज वाटत राहिली.

२८ एप्रिल

सगळं कळलं!

चादरी वाळत घालायला गच्चीवर गेले होते. खाली त्यांच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला दगडाबाई — सत्यशीलाच्या सासूबाई. नेवाशाकडच्या खेड्यातून आलेल्या. माझ्याशी कधी बोलत नाहीत, ओसरीतून नुसत्या बघत बसतात. पाठमोऱ्या होत्या. मांडीत माझा डबा, सकाळीच पाठवलेला! बराच वेळ काहीतरी चाललं होतं. मग नळाखालच्या दगडावर बसून राख आणि काथ्याने घासू लागल्या. घासून नाकाशी धरला. पुन्हा राख. पुन्हा नाकाशी.

विटाळ. हा शब्द आईच्या तोंडून ऐकला होता, तिच्या लहानपणच्या गोष्टींत. माझ्या स्वतःच्या गच्चीवरून तो पाहीन असं वाटलं नव्हतं. उशीची ओली खोळ हातातच राहिली.

३ मे

आज मुद्दाम डबा पाठवला. कुळथाचे शेंगोळे. संशय मनात ठेवून पहिल्यांदाच कुणासाठी रांधलं. आणि डबा गेल्यावर स्वतः घास मोडला तेव्हा कळलं, मीठच विसरले!

स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. चोरासारखी, माझ्याच घरात. थोड्या वेळाने त्यांच्या मागच्या फाटकाशी ती रोजची गाय आली. फरशीवर माझे शेंगोळे. घालणारा हात दिसला नाही, नऊवारीचा काठ दिसला.

संध्याकाळी सत्यशीला कुंपणापाशी. "ताई, शेंगोळे! मीठ-तिखट कसं अगदी जिथल्या तिथे. पोरांनी भांडून खाल्ले."

म्हणजे तिने चाखलेसुद्धा नाहीत. पण चाखणार कशी? म्हातारी हाताला लागू देईल तर ना! बिचारी, सासूचं झाकायला खोटं बोलते. सासूला शिकवायचं तरी कसं? मला तिची दयाच आली. राग आहे तो ओसरीतल्या त्या डोळ्यांचा.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी वंदना. मग खीर, वेलदोडे घालून. सत्यशीलाने मोबाईलवर कमळाचं चित्र पाठवलं — "खूप शुभेच्छा ताई!"

डबा काढला, पुसला. भरला नाही. गाईला घालायचीच असेल तर मीच घालीन की! पालथा घालून फळीवर ठेवून दिला.

१३ मे

दुपारी मागच्या दारात दगडाबाई! पदराने तोंड पुसत, धापा टाकत.

"काल खीर केल्ती नव्हं? वास आल्ता. डबा का न्हाई धाडला?"

मी दार पूर्ण उघडलं.

"सून मला म्हनती, आत्या, गाईला घाला, पोरांच्या हाती लागू देऊ नका. गाईला काय कळतंय, बये! तिला दोन घास, बाकी माझं. टाकीमागं बसून खाती. मग राखंनं घासती, वास राह्यला तर लई वरडंल माझ्यावर."

फ्रिजमधून खीर काढून वाटीत दिली. ओट्याला टेकून, उभ्या-उभ्याच खायला लागल्या.

तेवढ्यात कुंपणापलीकडून सत्यशीला. नेहमीचा गोड आवाज. "माधुरीताई, आमच्या आत्या आल्यात का हो तुमच्याकडे?"

दगडाबाईंचा चमचा तोंडातच थांबला. डोळे मोठे करून त्यांनी मान हलवली.

मी खिडकीतून म्हटलं, "नाही गं. आमच्याकडे कशाला येतील?"