घटावरचा पिपा

माय, तू देवीला खरंच मानत होतीस का? मी शाळेत विज्ञान शिकवते. मुली काहीही विचारतात आणि मी काहीतरी उत्तर देते. पण या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी लिहिते.

मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या वर्षीचं चैत्रातलं नवरात्र आठव. आत्या म्हणत होती, पोरीची जात, शिकली तेवढं बस झालं. बाबा दिवसभर लकडगंजच्या आरामशीनवर लाकडं चिरायचे आणि घरी आल्यावर भांडण टाळायचे. ते म्हणाले, "देवीलेच विचारू. घट चांगला उगवला तं पाठवू कॉलेजात." आपल्याकडे चांगला म्हणजे कोंब उंच आणि सोन्यासारखे पिवळे. स्वयंपाकघरात खिडकीखाली मातीत गहू पेरले, आणि तू त्यांवर तेलाचा रिकामा पिपा पालथा घातलास. पाणी घालायला तेवढा उचलायचीस. "उंदरं खातात," म्हणालीस. नवव्या दिवशी पाहिलं तर आत वीतभर सोनं. आत्यानं हात जोडले, आणि आपल्या घरातलं पहिलं माणूस कॉलेजात गेलं.

पहिल्याच वर्षी वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी दोन कुंड्या आणून दाखवल्या. उजेडातली रोपं बुटकी, हिरवी. कपाटात ठेवलेली लांब आणि पिवळी. मी तणतणतच घरी आले. तू चुलीपुढे बसली आहेस, भाकर थापते आहेस.

"माय, ते देवीचं सोनं नव्हतं. अंधारात ठेवलं की कोंब तसेच होतात."

"माहीत हाय मले."

"तुले कसं माहीत?"

"आदल्या साली घट कोपऱ्यात होता, अंधारात, तं लंबे झाले. मंग पिपा घालून पाहिला."

"मंग नऊ दिवस उपाशी काहून राहिली? पायात चप्पलसुद्धा नाही घातली तू!"

"उपास देवीसाठी होते, पिपा तुह्या बापासाठी. जेव आता वं, भाकर थंडी होऊन राहिली."

मला तेव्हा हसू आलं नाही, अजूनही येत नाही. देवी आहे असं मानत होतीस, तर तिच्या तराजूत हात घालायची हिंमत कशी झाली? मानत नव्हतीस, तर अनवाणी कशासाठी? करून पाहायचं, मग मान्य करायचं, हे मला पुस्तकांनी शिकवलं. तू ते पिपा घालून केलंस, आणि त्याच हातांनी हळदकुंकू वाहिलंस. एका डोक्यात या दोन चुली कशा पेटत होत्या? कधी कधी तर वाटतं, त्या दिवशी तू मलाही माझ्या सोयीचंच सांगितलंस. बाबांना देवी हवी होती, त्यांना देवी दिलीस; मला प्रयोग हवा होता, मला प्रयोग दिलास. आणि उंदीर कुठले? त्या वर्षी घरात मांजर होतं.

यंदा कॉलेजला जायची पाळी माझ्या धाकट्या बहिणीची. आत्याचं म्हणणं तेच. मी काही बोलायच्या आत बाबांनी गहू पेरले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घटावर पिपा. धाकटीनं घातलेला नव्हता. "उंदरं झाले," बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले. म्हणजे यांनाही माहीत होतं? कधीपासून? मी त्यांच्यासमोर पिपा उचलला आणि अंगणात नेऊन ठेवला.

आज नवमी. कोंब बोटभर, हिरवेगार. आत्या म्हणाली, "पाह्य गा, देवी नाही म्हणून राहिली." मग मी सगळं सांगितलं: उजेड, अंधार, तुझा पिपा, माझं कॉलेज. धाकटीला पाठवायचं ते तिच्या मार्कांवर, घटावर नाही, हेही सांगितलं.

"असं केलं तिनं? देवीसंगं?" आत्यानं कानांवर हात ठेवले. तुझ्या भक्तीचे दाखले ती अजून गल्लीभर द्यायची. आता देणार नाही. बाबांनी हिरव्या कोंबांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "जाऊ दे तिले कॉलेजात." पटलं म्हणून म्हणाले, की आत्याचं आणि माझं तोंड बंद करायला, मला कळलं नाही.

हे सगळ्यांना सांगू का, असं तुला विचारायला हवं होतं. पण तू "नको सांगू वं" म्हणाली असतीस, आणि मी ऐकलं असतं. म्हणून आधी सांगून टाकलं, आणि मग हे लिहायला बसले.